बुटकीचे ब्रेक आणि धोंड्याचं जेवण

उंबरमाळ नावाच्या गावात रवळू नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा हा शब्द गाव त्याच्या आईसमोर वापरायचं. आई नसली की दुसरा वापरायचं. रवळूला कशाचाच राग यायचा नाही, त्यामुळे कुठलाही शब्द चालून जायचा.

रवळू आळशी नव्हता, खोटारडा नव्हता, आणि कोणी काम सांगितलं तर नाही म्हणायचा नाही. त्याची खोड एकच. सांगितलेलं तो पूर्ण ऐकायचा आणि ऐकलेलं पूर्ण करायचा. बाकीची माणसं ऐकता ऐकता निम्मं सोडून देतात म्हणून जगाचं बरं चाललंय, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

त्याची बायको मंजुळा. ती हुशार होती, तोंडानं फटकळ होती, आणि रवळूचा तिच्यावर फार जीव होता. ती माहेरी गेली की घरात कुठं बसावं ते त्याला कळायचं नाही. आधी उंबरठ्यावर बसायचा, मग चुलीपाशी बसायचा, शेवटी गोठ्यात जाऊन म्हशीपाशी बसायचा. म्हशीला त्याचं काही वाटायचं नाही.

तर त्या उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांनी येणारा हा अधिकाचा महिना म्हणजे जावयांची चंगळ. सासू बोलावणं धाडते, पाटावर बसवते, पुरणाचे धोंडे खाऊ घालते, आणि ताटात अनारसे व वर दिवा ठेवून जावयाच्या हातात वाण देते. रवळूची सासुरवाडी जांभूळखोल. उंबरमाळ डोंगराच्या माथ्यावर, जांभूळखोल पायथ्याशी, आणि मधे नुसती उतरण.

मंजुळा आधीच माहेरी जाऊन बसली होती. जाताना ती एक अट घालून गेली होती, आणि तसं कारणही होतं. मागच्या धोंड्याला सासूबाई कौतुकानं म्हणाल्या होत्या, जावईबापू, लाजू नका, घर आपलंच समजा. रवळूनं समजलं. संध्याकाळ झाल्यावर तो उठला, त्यानं सगळ्या पाहुण्यांना हात जोडले, आता या तुम्ही, आम्हाला दारं लावायची आहेत, असं नम्रपणे सांगितलं आणि एकेकाला बाहेर पोचवलं. थोरले साडू दिनकरराव उठेनात, तर त्यांच्या हातात त्यांच्या चपला दिल्या. मग त्यानं आतून कडी लावली. कडी लावल्यावर कळलं की सासरेही बाहेर राहिलेत.

तेव्हापासून जांभूळखोलात ही गोष्ट सांगून सांगून लोक हसत. सगळ्यांत मोठ्यानं दिनकरराव हसत. ते तालुक्याच्या गावी कारखान्याच्या हपिसात होते, त्यांच्याकडे मोटारसायकल होती आणि काळा चष्मा होता, आणि मंजुळा समोर असली की त्यांना ती गोष्ट हमखास आठवायची. मंजुळा मान खाली घालून ताटं उचलायची.

म्हणून या वेळी निघताना ती दारात उभी राहून म्हणाली, "वेळेवर या. आणि तिथं तुम्हाला कोणी हसलं, तर मी परत यायची न्हाई. दिवाळीपतोर तिथंच राहीन."

रवळूनं तेही पूर्ण ऐकलं. त्या दिवसापासून त्याचं जेवणावरचं मन उडालं.

वेळेवर पोचायचं तर सायकल हवी. सायकल होती. गावच्या जत्रेतल्या सोडतीत ती रवळूच्या चिठ्ठीला लागली होती. जाड टायरांची, ना कॅरियर ना मडगार्ड, आणि सीट इतकं खाली की पेडल मारताना गुडघे कानापाशी यायचे. खोक्यावर बीएमएक्स लिहिलेलं होतं, पण गावानं तिचं नाव बुटकी ठेवलं. शहरातली पोरं म्हणे असल्या सायकलीवरून उड्या मारतात. रवळूला उडी मारायची नव्हती, त्याला जेवायला जायचं होतं.

पण बुटकीचे ब्रेक दाबले की किरकिरायचे. मंजुळानं त्याला एकदा सांगून ठेवलं होतं, जे किरकिरेल त्याला तेल घालावं. त्यानं दाराला घातलं, दार गप्प झालं. रहाटाला घातलं, रहाट गप्प झाला. म्हणून आता त्यानं ब्रेकच्या रबरांना खोबरेल चोळलं आणि ती रबरं जिथं टेकतात त्या रिमलाही हात न आखडता चोळलं. ब्रेक गप्प झाले. मग रवळू बुटकीवर बसून गल्लीचा उतार उतरला आणि त्यानं ब्रेक दाबले. बुटकी अगदी गप्पपणे चालतच राहिली. गल्लीच्या टोकाला ओमाण्णा पाटलांची पिंजराची, म्हणजे भाताच्या वाळल्या काडाची, गंजी होती, म्हणून रवळू थांबला. तो सबंध गंजीच्या आत थांबला.

तिट्ट्यावर बाबाजान मिस्त्रींचं सायकलीचं दुकान होतं. रवळू बुटकी ढकलत तिथं गेला. मिस्त्रींनी रिमवरून बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला. मग त्यांनी सावकाश समजावलं. जिथं पकडायचं असतं तिथं तेल लावायचं नसतं. थेंबभरसुद्धा नाही. पुसून राखेनं कोरडं करायचं. एवढं ध्यानात ठेव.

रवळूनं रिम पुसली, राख लावली, पुन्हा पुसली आणि घरी निघाला. धडा सांडू नये म्हणून तो वाटभर घोकत होता. पकडायचं तिथं तेल नाही, कोरडं करायचं. पकडायचं तिथं तेल नाही, कोरडं करायचं.

वाटेत सगुणाक्काचं अंगण लागलं. तिनं एक भला मोठा बरका फणस फोडायला घेतला होता. तळव्यांना आणि कोयत्याच्या मुठीला तेल चोपडून ती बसणार, तोवर आत भात उतू गेल्याचा आवाज आला. रवळूला तिनं सांगितलं की मी आलेच, तेवढं माझ्या कोयत्याकडं बघ. रवळूनं बघितलं. मूठ तेलानं चमकत होती. त्याला फार वाईट वाटलं. म्हातारं माणूस, हातातून कोयता निसटला म्हणजे? त्यानं मूठ पुसली, राख लावली, पुन्हा पुसली. अक्का परत आली तेव्हा तिचे हातही त्यानं आपल्या टॉवेलानं स्वच्छ पुसून दिले. अक्काला वाटलं, पोरगं मायाळू आहे.

फणस फुटला आणि चीक सुटला. मग अक्काचा उजवा हात कोयत्याला चिकटला आणि डावा फणसाला. ती मदतीसाठी गल्लीत आली, पण एका हातात कोयता घेऊन ती कोणाच्या दाराशी गेली की ते दार लागायचं. संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली घरात बसून होती.

आई कपाळाला हात लावून म्हणाली, "अरं, तो धडा सायकलीचा हुता. फणसाचा न्हवं."

"मग फणसाचा कुठला?" रवळूनं विचारलं.

 आई चीक सोडवायला रॉकेलची बाटली घेऊन अक्काकडं गेली.

दुसऱ्या दिवशी रवळूनं पुन्हा गल्लीचा उतार उतरून पाहिला. या वेळी गंजीत तो कमरेपर्यंतच गेला. म्हणजे सुधारणा होती, पण सासुरवाडीला कमरेपर्यंत जाऊन भागण्यासारखं नव्हतं.

तो पुन्हा तिट्ट्यावर गेला. मिस्त्रींनी ब्रेकचं रबर काढून उन्हात धरलं. घासून घासून आणि तेल पिऊन ते काचेसारखं झालं होतं. मिस्त्री म्हणाले की वस्तू गुळगुळीत झाली की तिच्यावर काही ठरत नाही. काचकागद घ्यायचा आणि खरखरीत होईपर्यंत घासायचं. मग बघ कसं धरून बसतं ते. त्यांनी रबरं घासून दाखवली आणि उरलेला काचकागदाचा तुकडा रवळूला दिला, पुढं उपयोगी पडेल म्हणून. असा तुकडा कोणाच्या हातात द्यावा हे मिस्त्रींना अजून कळलं नव्हतं.

रवळू घोकत निघाला. गुळगुळीत झालं की ठरत नाही, खरखरीत होईपर्यंत घासायचं. गुळगुळीत झालं की ठरत नाही, खरखरीत होईपर्यंत घासायचं.

पारावर ओमाण्णा पाटील बसले होते. माळावर वारं सुटलं होतं, आणि पाटलांची नवी कडक टोपी वाऱ्यानं सारखी घसरून मांडीवर पडत होती. त्यांनी ती उचलावी, घालावी, की ती परत पडावी. रवळूला बघून ते सहज म्हणाले की ही टोपी काही डोक्यावर ठरत नाही बघ. रवळूनं टोपीकडे बघितलं नाही. त्यानं पाटलांच्या डोक्याकडे बघितलं. त्यावर एक केस नव्हता, आणि सकाळीच तेल लावलेलं दिसत होतं.

"पाटील, जरा मान खाली घाला," रवळू म्हणाला.

पाटलांना वाटलं, पोरगं पाया पडायचं सोडून आशीर्वादच द्यायला लागलं की काय. पण कुतूहलानं त्यांनी मान खाली घातली.

पुढं पाटलांनी जी आरोळी ठोकली ती म्हणे खाली जांभूळखोलातही ऐकू गेली. पाटलांना गुडघेदुखी होती आणि गेल्या कित्येक वर्षांत त्यांना कोणी पळताना बघितलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्या गावानं बघितलं. पुढं काचकागद घेतलेला रवळू, मागं काठी घेतलेले पाटील. पळता पळता रवळू त्यांना समजावत होता की अजून खरखरीत झालेलं नाही, मधेच सोडलं तर टोपी ठरणार नाही.

पण ती ठरली. डोक्याला हळदीचं फडकं बांधलं होतं, त्यावर टोपी अशी घट्ट बसली की वाऱ्याची टाप नव्हती. रवळूला वाटलं, उपाय लागू पडला. पाटील एवढे का चिडले ते मात्र त्याला कळलं नाही.

आई म्हणाली की तो धडाही सायकलीचाच होता. माणसाचा नव्हता. रवळूनं मान हलवली. माणसाचा नव्हता, हे त्यानं पक्कं ध्यानात ठेवलं.

तिसऱ्यांदा उतार उतरला तेव्हा गंजीत नुसतं पुढचं चाक गेलं. गंजीच्या बाजूला पाटील उभे होते, म्हणून रवळू तिथं फार वेळ थांबला नाही. तो तसाच तिट्ट्यावर गेला.

मिस्त्रींनी ब्रेकची दांडी दाबली तर ती थेट हँडलला जाऊन टेकली. वायर ढिली होती. मिस्त्री म्हणाले की ढिलं असेल ते ताणून बांधायचं, हात लावल्या लावल्या पकड यायला हवी. त्यांनी वायर ओढून घेतली, पान्यानं नट आवळला, आणि रवळू चौथ्यांदा येऊ नये म्हणून सगळं उलगडून दाखवलं. हा नट सैल केला की ब्रेक निघतात, हा आवळला की बसतात. रवळूनं आपल्या हातानं दोन्ही करून पाहिलं आणि त्याला ते छान जमलं. मिस्त्रींनी सुटकेचा निःश्वास टाकला.

ढिलं असेल ते ताणून बांधायचं. ढिलं असेल ते ताणून बांधायचं. असं घोकत रवळू घरी आला. वाटेत त्यानं मुद्दाम कोणा माणसाकडे बघितलं नाही. घरी आला तर गोठ्यात म्हैस उभी होती आणि तिचं दावं जमिनीवर लोळत होतं. म्हैस काही माणूस नव्हती. रवळूनं दाव्याला खुंट्याभोवती वेढे घातले आणि ताणून पक्की गाठ मारली. हात लावल्या लावल्या पकड आली.

सकाळी आई धार काढायला गेली. म्हैस खुंट्याला नाक टेकवून उभी होती. मागं गव्हाणीत वैरण जशीच्या तशी होती, कारण तिच्याकडे तोंड वळवायची म्हशीला सोय राहिली नव्हती. आईनं चरवी खाली ठेवली, आणि म्हशीनं सगळा राग त्या चरवीवर काढला. चरवी परसात जाऊन पडली.

आई या वेळी रागावली नाही. ती रवळूसमोर बसली. उद्या त्याला सासुरवाडीला जायचं होतं, आणि पोराचं कसं होणार या काळजीनं तिला रडू येत होतं. सून घरात हवी असं तिलाही वाटत होतं.

"रवळू," ती म्हणाली, "तिथं तू सोता कायबी करू नको. दिनकरराव शिकलेलं हाईत. ते करतील तसं कर, ते सांगतील तसं वाग. मग कोण कशाला हसंल?"

रवळूला हे पटलं. इतका सोपा धडा त्याला आजवर कोणी दिला नव्हता.

जेवणाचा दिवस उजाडला. रवळू धुतलेला सदरा घालून निघाला आणि जाता जाता गल्लीच्या उतारावर त्यानं शेवटचं एकदा ब्रेक दाबून पाहिले. बुटकी गंजीच्या अलीकडे जागच्या जागी उभी राहिली. रवळू नाही राहिला, तो हँडलवरून गंजीत गेला. पण बुटकीला पिंजराची काडीसुद्धा लागली नाही, आणि तो अंग झाडत समाधानानं बाहेर आला.

तिट्ट्यावर बाबाजान मिस्त्री दुकान झाडत होते. पुढं सगळी उतरण होती आणि त्यांना त्याची काळजी वाटली. त्यांनी हाक मारून सांगितलं, "रवळू, उतरण संपेपर्यंत ब्रेक सोडू नको बरं का बाबा."

नाही सोडत, रवळू म्हणाला, आणि त्यानं तिथंच ब्रेक दाबले.

मिस्त्रींनी काम चोख केलं होतं. चाक तसूभर हलेना. रवळू सीटवर बसून थोडा वेळ वाट बघत राहिला, पण उतरण पुढं सरकत नव्हती. मग तो उतरून बुटकी ओढू लागला. टायर रस्त्याला घासायला लागलं, ते त्याला बघवेना. शेवटी त्यानं बुटकी उचलून खांद्यावर घेतली, उजव्या हातानं ब्रेकची दांडी घट्ट धरली आणि चालायला लागला. वाटेत त्याला शिंक आली, खाज आली, सदऱ्यात मुंगी गेली. त्यानं ब्रेक सोडला नाही. मंजुळाचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवून तो डोंगर उतरला.

ती उतरण जांभूळखोलात सरळ सासऱ्यांच्या अंगणात येऊन संपायची. सासूबाईंनी पहाटे उठून ते अंगण शेणानं सारवलं होतं आणि दारापर्यंत मोठी रांगोळी घातली होती. थोड्या वेळापूर्वी दिनकरराव आले होते ते मोटारसायकलवरून, थेट ओट्यापर्यंत, आणि रांगोळीचा एक मोर त्यांच्या चाकाखाली गेला होता. सासूबाई काही बोलल्या नव्हत्या, जावई म्हणून.

तेवढ्यात वरून रवळू आला. घामानं न्हालेला, खांद्यावर सायकल, आणि रांगोळीच्या कडेकडेनं एकेक पाऊल टाकत. मंजुळानं दारातून ते बघितलं. आता हे सगळे हसणार, असं तिला वाटलं. पण सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघा," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझी रांगोळी मोडू नये म्हणून माझ्या जावयानं सायकल खांद्यावरनं आणली."

सगळ्यांनी रवळूकडे बघितलं आणि मग मोटारसायकलच्या चाकाकडे बघितलं. दिनकररावांनी काळा चष्मा काढला आणि पुसत बसले. रवळूला कशाचं कौतुक चाललंय ते समजलं नाही, पण कोणी हसत नव्हतं. उतरण संपली होती. त्यानं ब्रेक सोडला, आणि आखडलेली बोटं एकेक करून सरळ केली.

जेवणही नीट पार पडलं. रवळू दिनकररावांच्या शेजारच्या पाटावर बसला आणि त्यांच्यावरची नजर त्यानं हलू दिली नाही. दिनकररावांनी चित्राहुती घातली, रवळूनं घातली. दिनकररावांनी धोंड्यावर तूप मागितलं, रवळूनं मागितलं. दिनकररावांनी ढेकर दिली. रवळूला ढेकर येत नव्हती, पण त्यानं प्रयत्न करून दिली. दिनकररावांनी पुरे म्हणून ताटावर हात धरला, तेव्हा रवळूला अजून पुष्कळ भूक होती, तरी त्यानंही धरला. किती समंजस जावई, असं शेजारच्या बायका म्हणाल्या. सासूबाईंनी दोघांना ओवाळून वाण दिलं. आणि मागच्या धोंड्याला बाहेर राहिलेल्या सासऱ्यांनी रवळूच्या पाठीवर हात ठेवला.

मंजुळा आत जाऊन आपलं गाठोडं बांधायला लागली. रवळूला ते ओट्यावरून दिसलं. सोडतीत सायकल लागली तेव्हाही त्याला एवढा आनंद झाला नव्हता.

पण दिनकररावांचा दिवस चांगला गेला नव्हता. कौतुकाची सवय त्यांना होती, शेजारी बसून दुसऱ्याचं ऐकायची नव्हती. ते अंगणात खुर्ची टाकून पान खात बसले होते. रवळू बुटकी पुसत होता आणि सासऱ्यांना ब्रेकची हकीकत सांगत होता. तेल, काचकागद, वायर. तेव्हा दिनकरराव खिजवायला म्हणाले, "एवढा खटाटोप करून काय मिळवलंस रे? आता तर सगळा चढच आहे. चढाला ब्रेक कशाला लागतोय?"

रवळूनं पुसायचं थांबवलं. ते सांगतील तसं वाग, आई म्हणाली होती. आणि हे तर त्यालाही खरं वाटलं. त्यानं दिनकररावांकडे पाना मागितला. त्यांनी मोटारसायकलच्या पेटीतून काढून दिला आणि मिशीतल्या मिशीत हसत बसले. रवळूनं मिस्त्रींनी शिकवल्याप्रमाणे नट सैल केले, पुढचे ब्रेक काढले, मागचे ब्रेक काढले, वायरींची नीट गुंडाळी केली आणि सगळं फडक्यात बांधून आत सासूबाईंना नेऊन दिलं.

"हे जपून ठेवा," तो म्हणाला. "पुढच्या धोंड्याला मी उतरून येईन तेव्हा लागतील."

सासूबाईंना वाटलं, जावयानं विश्वासानं काही ठेवायला दिलंय. त्यांनी ते न उघडता फडताळात ठेवलं.

ऊन कलल्यावर दोघं निघाली. मंजुळा पुढच्या नळीवर बसली, मांडीवर अनारशांचं ताट. रवळू उभा राहून पेडल मारत होता. अख्खं घर अंगणात निरोप द्यायला उभं होतं, आणि दिनकरराव खुर्चीवर तसेच बसून होते. चढ कडक होता पण रवळूच्या अंगात आनंदाचं बळ आलं होतं. पहिलं वळण गेलं. मंजुळा हळूच म्हणाली की आज तुम्ही माझी मान वर केलीत. तिनं असं कधीच म्हटलं नव्हतं. रवळूचे डोळे भरून आले, आणि डोळे पुसायला तो पेडल मारायचा थांबला.

बुटकीही थांबली. मग ती मागं निघाली.

"अहो, ब्रेक दाबा," मंजुळा म्हणाली.

"ब्रेक फडताळात हाईत."

यावर आणखी बोलायला वेळ मिळाला नाही. वळण उलटं गेलं, आंब्याचं झाड उलटं गेलं, आणि अंगण पाठीमागून जवळ यायला लागलं. निरोप द्यायला उभी असलेली माणसं बाजूला झाली. उरलासुरला मोर चाकाखाली गेला. इथं ओमाण्णा पाटलांची गंजी नव्हती. इथं दिनकरराव होते. बुटकी त्यांच्यावर जाऊन थांबली, खुर्ची त्यांना घेऊन गोठ्याच्या चिखलापर्यंत गेली आणि तिथं आडवी झाली. अनारसे वर उडाले होते ते मग सावकाश खाली आले.

 मग दिनकरराव चिखलातून उठून बसले. पांढरा सदरा काळा झाला होता, काळा चष्मा एकाच कानावर होता आणि टाळूवर एक अनारसा बसला होता. त्यांनी डोकं हलवलं, पण तो पडला नाही. ते बघून रवळूच्या तोंडून निघून गेलं की साडूंचं डोकं खरखरीत दिसतंय, छान ठरलाय.

आधी सासरे हसले. मग सासूबाई हसल्या, मग शेजारच्या बायका, आणि मग अख्खं जांभूळखोल हसलं. सगळ्यांची बोटं दिनकररावांकडे होती. मंजुळा रांगोळीत बसकण मारून हसत होती. तीन वर्षं दाबून ठेवलेलं असल्यासारखं तिचं हसू थांबत नव्हतं.

रवळूला फक्त हसणं ऐकू आलं. त्याचा चेहरा पडला. कोणी हसलं तर मी परत यायची नाही. इथं तर सगळेच हसत होते, आणि तीसुद्धा. त्याला वाटलं, आपण आईचं ऐकलं, मिस्त्रींचं ऐकलं, साडूंचंही ऐकलं, तरी आपलं नशीबच फुटकं. त्यानं बुटकी उचलून सरळ केली, सासूसासऱ्यांना नमस्कार केला आणि एकटाच चढाला लागला. रिकामं घर त्याला आतापासूनच दिसत होतं.

तो वळणावर पोचला तेव्हा मागून हाक आली. मंजुळा गाठोडं काखोटीला मारून धापा टाकत येत होती.

"अहो, थांबा की."

रवळू थांबला नाही.

"ते तुम्हाला न्हाई हसले. दाजींना हसले. मी येतीय घरी. थांबा म्हणते ना."

रवळूनं हे पूर्ण ऐकलं. त्याचा चेहरा उजळला, ऊर भरून आला, जागच्या जागी उभं राहून तिच्याकडे बघावं असं त्याला फार फार वाटलं. पण त्याचे हात बुटकीच्या हँडलवर होते आणि पाय चालतच होते.

"कसा थांबू?" तो मागं वळून कळवळून म्हणाला. "ब्रेक तुझ्या आईकडं हाईत."

मंजुळानं पदर खोचला, धावत वर आली आणि मागून सीट धरलं. तेव्हा कुठं रवळू थांबला.